नदीच्या वळणावरच्या गोधड्या

 

आजचा विषय गोधडीचा आहे. कुणी वाकळ म्हणतं, कुणी लेपडी म्हणतं, पण वस्तू एकच. जुनं लुगडं, फाटकं धोतर, पोरांचे सदरे, चोळीच्या चिंध्या, सगळं एकावर एक अंथरायचं आणि धावदोऱ्यानं शिवून टाकायचं. आपल्या घरात ही वस्तू इतकी रोजची आहे की तिला काही किंमत असते असं आपल्याला वाटतच नाही. पण आता शहरातून गोधडीला मागणी यायला लागली आहे. प्रदर्शनात लोक हात लावून बघतात, भाव विचारतात. आणि मग गटाच्या बैठकीत प्रश्न निघतो. भाव किती सांगायचा? व्यापारी एकदम पन्नास नग मागतो, द्यायचे का? तो म्हणतो सगळ्या एकसारख्या पाहिजेत, मग करायच्या का? नाव कुणाचं लागणार?

हे सगळे प्रश्न एका दुसऱ्याच देशातल्या छोट्या गावातल्या बायकांना पडले होते. त्यांना काय उत्तरं सापडली आणि कुठं त्रास झाला, ते आज सांगते. गावाचं नाव आहे जीज बेंड. कागदोपत्री आता त्याला बॉयकिन म्हणतात, पण लोकांच्या तोंडी जुनंच नाव आहे. अमेरिकेत अलाबामा नावाचं राज्य आहे, तिथं विल्कॉक्स नावाच्या काउंटीत हे गाव येतं. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या तालुक्या-जिल्ह्यासारखा भाग. बेंड म्हणजे वळण. अलाबामा नदी तिथं घोड्याच्या नालेसारखं वळण घेते. तीन बाजूंनी पाणी आणि आत येणारा रस्ता एकच. आज तिथं काही शे माणसं राहतात. बहुतेक सगळी काळी, म्हणजे ज्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून पकडून नेऊन गुलाम केलं होतं, त्यांची मुलंनातवंडं.

कापसाचा मळा आणि मालकाचं आडनाव

१८१६ साली जोसेफ जी नावाचा गोरा जमीनदार या वळणावर आला. सोबत त्यानं अठरा गुलाम आणले आणि कापसाचा मळा उभा केला. तिकडचा मळा म्हणजे आपल्या विहिरीवरची बागायत समजू नका. हजारो एकर जमीन, पीक एकच कापूस, मालक एक आणि राबणारी सगळी माणसं त्याच्या मालकीची. बैल विकावा तसा माणूस विकता यायचा. आईपासून लेकरू तोडून विकता यायचं.

जोसेफच्या मागं मळा त्याच्या पुतण्यांकडं गेला. त्यांच्यावर त्यांच्या नात्यातल्या मार्क पेटवे या माणसाचं २९ हजार डॉलर कर्ज झालं. ते फेडायला १८४५ साली त्यांनी मळाच त्याच्या नावावर करून दिला, माणसांसकट. पेटवे नॉर्थ कॅरोलायना राज्यातून आपलं बिऱ्हाड घेऊन आला, तेव्हा त्याच्या शंभराच्या आसपास गुलामांना त्यानं हजार-एक किलोमीटर पायी चालवत आणलं. त्या लोकांना मालकाचंच आडनाव लागलं. आजही त्या गावात घराघरात पेटवे आडनाव आहे. एकमेकांशी रक्ताचं नातं नसलेले लोकही पेटवेच.

१८६५ साली अमेरिकेत कायद्यानं गुलामी संपली. या घटनेचा आपल्या मातीशी जवळचा संबंध आहे. जोतिराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक काढलं. गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना त्यांनी ते अर्पण केलं आहे. तिकडच्या माणसाचं दुःख आणि आपल्याकडच्या शूद्रातिशूद्रांचं दुःख त्यांनी एकाच नजरेनं पाहिलं.

साखळी गेली, खातेवही आली

गुलामी गेली, पण जमीन कुठं मिळाली? जमीन मालकाचीच राहिली. सुटलेली माणसं त्याच जमिनीवर कुळं म्हणून राबायला लागली. कुणी वाट्यानं, कुणी खंडानं. आपल्याकडं बटाई म्हणतात तसंच. पेरणीच्या वेळी बी, खत, पीठमीठ, कापड सगळं उधारीवर. नदीपलीकडं कॅमडेन नावाचं बाजाराचं गाव आहे, तिथले व्यापारी उधारी द्यायचे. कापूस निघाला की तो व्यापाऱ्याकडं जायचा आणि व्यापारी वहीत मांडायचा. वही त्याची, पेन त्याचं, आकडा त्याचा. ज्याचं कर्ज होतं त्याला लिहितावाचता येत नव्हतं.

पहिल्या महायुद्धानंतर कापसाचा भाव चांगला होता. १९१९ साली पौंडाला, म्हणजे साधारण अर्ध्या किलोला, पस्तीस सेंटच्या आसपास मिळत होते. १९३१ पर्यंत तो सहा सेंटवर आला. कष्ट तेवढेच, कापूस तेवढाच, हातात मात्र सहावा हिस्सा. उधारी तशीच चढत राहिली.

१९३२ साली जीज बेंडला उधारी देणारा एक व्यापारी वारला. त्याच्या वारसांनी सगळी थकबाकी एकदम मागितली. वसुलीची माणसं गावात आली आणि साठ-एक कुटुंबांच्या घरांतून मिळेल ते उचलून नेलं. नांगर, गाड्या, खेचरं, गाई, डुकरं, कोंबड्या, घरात साठवलेला मका आणि रताळीसुद्धा. ऐन थंडीच्या तोंडावर गाव उघडं पडलं. रानातली बोरंफळं, शिकार आणि रेड क्रॉस या मदत करणाऱ्या संस्थेनं पाठवलेलं पीठ, यावर माणसं जगली.

हे ऐकून आपल्याकडची गोष्ट आठवते की नाही? अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झालं, तेव्हा तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला. मग आपल्या वऱ्हाड-खानदेशच्या आणि दख्खनच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी सढळ हातानं कर्जं दिली. युद्ध संपलं, भाव कोसळला, कर्ज मात्र राहिलं. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतं मागून घेतली आणि जाळली. तिथून हा वणवा पुणे-नगर भागात पसरला. म्हणजे अलाबामाचा कापूस आणि सुप्याचा कापूस एकाच बाजाराच्या दोरीला बांधलेला होता. आणि दोन्हीकडं शेतकऱ्याच्या मानेवर बसली ती वही, जी त्याला वाचता येत नव्हती.

म्हणून आपल्या गटाच्या बैठकीत सचिव मोठ्यानं हिशोब वाचून दाखवते, ती काही रीत म्हणून नाही. प्रत्येकीच्या पासबुकात आकडा चढतो, तोही उगीच नाही. बचत किती, अंतर्गत कर्ज किती, व्याज किती, हे ज्या बाईला स्वतःच्या डोळ्यानं बघता येतं, तिच्या घरातून रताळी कुणी उचलून नेऊ शकत नाही.

जमीन नावावर झाली तेव्हा

१९३७ च्या सुमारास अमेरिकेच्या सरकारनं हा जुना मळा विकत घेतला. सुमारे दहा हजार एकर. रुझवेल्ट राष्ट्राध्यक्ष होते, मंदीचा काळ होता, गरीब शेतकऱ्यांना पायावर उभं करण्याची योजना चालू होती. सरकारनं तिथं शंभराच्या आसपास साधी लाकडी घरं बांधली, शाळा, दुकान, कापूस पिंजायची गिरणी उभी केली. १९४० नंतर जमिनीचे तुकडे त्याच कुटुंबांना कमी व्याजाच्या कर्जानं विकत दिले. ज्या मातीत आजोबा गुलाम म्हणून राबला, तिचा नातू मालक झाला.

याचा उपयोग पंचवीस वर्षांनी कळला. १९६० नंतर काळ्या लोकांच्या मतदानाच्या हक्काची चळवळ तापली. विल्कॉक्स काउंटीत काळ्यांची वस्ती गोऱ्यांपेक्षा जास्त, पण १९६५ उजाडेपर्यंत मतदार यादीत एकाही काळ्या माणसाचं नाव नव्हतं. जीज बेंडचे लोक नाव नोंदवायला होडीनं नदी ओलांडून कॅमडेनला जायला लागले. १९६२ साली ती होडीच बंद झाली. पलीकडचा काठ डोळ्यांना दिसतोय, पण जायचं तर रस्त्यानं साठेक किलोमीटरचा वळसा. दवाखाना, बाजार, कचेरी, सगळं दूर गेलं. ती होडी पुन्हा सुरू झाली २००६ साली, चव्वेचाळीस वर्षांनी.

तरी गाव मागं हटलं नाही. १९६५ च्या फेब्रुवारीत मार्टिन ल्यूथर किंग स्वतः तिथं आले, भर पावसाच्या रात्री चर्चमध्ये लोकांशी बोलले. आसपासच्या भागात मतदार नोंदणी केली म्हणून गोऱ्या जमीनदारांनी कित्येक कुळांना घरातून बाहेर काढलं. जीज बेंडच्या लोकांना मात्र कुणी बाहेर काढू शकलं नाही, कारण घर आणि जमीन त्यांच्या नावावर होती.

बायांनो, एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवा. सातबाऱ्यावर नाव असणं म्हणजे फक्त पिकाचा वाटा नव्हे, तोंड उघडायची ताकद आहे. आपल्याकडं १९९२ पासून लक्ष्मी मुक्ती योजनेतून नवऱ्याच्या हयातीत बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली वडिलोपार्जित मालमत्तेत हिंदू कुटुंबातल्या मुलीला मुलाबरोबरीचा हक्क कायद्यानं मिळाला. तलाठ्याकडं जाऊन उतारा काढा आणि त्यावर तुमचं नाव कुठं आहे ते बघा.

ठिगळांतून उभी राहिली संस्था

आता गोधडीकडं येऊ. जीज बेंडच्या लाकडी घरांत फटींमधून वारा यायचा. थंडीत पोरांना ऊब द्यायची तर गोधडीशिवाय दुसरं काही नव्हतं. पोत्यांचं कापड, पिठाच्या पिशव्या, शेतात राबून विरलेल्या जाड पँटी, गुडघ्यावर पडलेली ठिगळं, सगळं वापरायच्या. आपल्या गोधडीत आत जुन्याच कापडांचे थर असतात. त्या मात्र आत कापूस भरायच्या. कापूस तरी कुठला? गिरणीत जमिनीवर पडलेला झाडून आणायचा, काठीनं बडवून साफ करायचा. नवं कापड नव्हतं, म्हणून आहे त्या तुकड्यातूनच नक्षी काढायची. चौकोनात चौकोन, घराच्या छपरासारखा उतरत जाणारा. विटा रचल्यासारखे पट्टे. आणि कुणी विचारलं हा कुठला नमुना, तर ‘माझा’. आईनं लेकीला शिकवलं, पण लेकीनं आईची नक्कल केली नाही.

मिझूरी पेटवे नावाच्या बाईचा नवरा १९४२ साली वारला. तिनं त्याचे शेतातले जुने कपडे घेतले आणि गोधडी शिवली. त्याची आठवण राहावी आणि त्याच्या मायेची ऊब अंगावर असावी म्हणून, असं तिची लेक अर्लोन्झिया पुढं सांगायची. गुडघ्याचे झिजलेले तुकडे, उसवलेल्या खिशाच्या खुणा त्या गोधडीत तशाच दिसतात. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आज ती ठेवलेली आहे. आपल्याकडंही आज्जीचं लुगडं गोधडीच्या वरच्या पदराला लावतात, ते कशासाठी, हे वेगळं सांगायला नको.

१९६५ च्या अखेरीला फ्रान्सिस वॉल्टर नावाचे पाद्री त्या भागात फिरत होते. दोरीवर वाळत घातलेल्या गोधड्या त्यांना दिसल्या. त्यांनी गोधड्या गोळा करून न्यूयॉर्कला लिलावात पाठवायचं ठरवलं. बायकांना आगाऊ हातात पैसे दिले आणि लिलावातला नफा परत त्यांच्याच कामासाठी वापरायचा असं ठरलं. १९६६ च्या मार्चमध्ये आसपासच्या गावांतल्या बायकांनी मिळून सहकारी संस्था काढली, तिचं नाव फ्रीडम क्विल्टिंग बी. म्हणजे स्वातंत्र्याची गोधडी-मंडळी म्हणा. एस्टेल विदरस्पून यांनी पुढं वीसहून अधिक वर्षं तिचा कारभार पाहिला. संस्थेनं स्वतःची जागा घेतली, शिवणघर बांधलं. उरलेल्या जागेतले काही तुकडे मतदार नोंदणीमुळं बेघर झालेल्या कुटुंबांना विकत दिले.

१९७२ पासून सिअर्स या मोठ्या दुकान कंपनीकडून जाड मखमली रेघांच्या कापडाच्या, म्हणजे कॉर्डरॉयच्या, उशांच्या अभ्र्यांची मोठी ऑर्डर मिळाली. वर्षानुवर्षं पगारासारखा पैसा घरात यायला लागला. बऱ्याच बायकांच्या हातात स्वतःची मजुरी पहिल्यांदाच येत होती.

एकसारखं करायचं की आपलं?

पण मोठ्या दुकानांची अट असते. माप एकच, टाके एकसारखे, रंग ठरलेले, नमुना ठरलेला. दहावा नग पहिल्यासारखाच दिसला पाहिजे. काही बायकांना ते जमलं. काही म्हणाल्या, मला असं शिवता येत नाही, आणि त्या घरी आपल्याच पद्धतीनं शिवत राहिल्या. गंमत अशी की अभ्र्यांच्या कामातले उरलेले कॉर्डरॉयचे तुकडे घरोघरी गेले आणि त्यातून सुंदर गोधड्या झाल्या. अभ्रे शिवले नसते तर चूल पेटली नसती, आणि घरची गोधडी सोडली असती तर पुढं जग त्यांच्या दारात आलं नसतं.

व्यवसाय करणाऱ्या गटांनी यातून एक गोष्ट घ्यावी. पोटापाण्याची ऑर्डर आणि हातची ओळख, दोन्ही वेगळ्या खात्यात ठेवा. ऑर्डरचा माल मापात द्या, वेळेवर द्या. पण महिन्यातून एखादी गोधडी अशी शिवा की ती बघून गावातली बाई म्हणेल, ही अमकीच्या हातची.

२००२ साली ह्यूस्टन शहरातल्या कला संग्रहालयात जीज बेंडच्या गोधड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं, मग न्यूयॉर्कला भरलं. भिंतीवर चित्रं लावावीत तशा गोधड्या लावल्या. लोकांची रीघ लागली. २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्यानं या गोधड्यांची दहा तिकिटं काढली. ज्या गोधड्या पूर्वी पाच-दहा डॉलरला जायच्या, त्या हजारो डॉलरवर गेल्या.

पैसा आला तसा वादही आला. गोधडी विकली, पण तिच्यावरची नक्षी कुणाची? तीच नक्षी कुणी चादरीवर, गालिच्यावर छापली तर त्यातला वाटा कुणाचा? कागदावर काय लिहिलं होतं आणि सही करणारीला काय समजलं होतं? काही बायकांनी २००७ साली कोर्टात दावे लावले, ते २००८ साली आपसात मिटले. गावातल्याच दुसऱ्या बायका म्हणत होत्या की या लोकांमुळंच आमचं नाव झालं. म्हणजे गावात दोन्ही बाजूंची माणसं होती. वाद मिटला, पण धडा राहिला. वस्तू विकणं आणि नमुना विकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

फ्रीडम क्विल्टिंग बी ही संस्था २०१२ साली बंद झाली. म्हाताऱ्या बायका थकल्या, तरुण मुली कामाला शहरात गेल्या. पण काम थांबलं नाही. २०२१ पासून गावातल्या अनेक जणी इंटरनेटवर स्वतःच्या नावानं दुकान मांडून गोधड्या विकतात. फोटो त्यांचा, नाव त्यांचं, भाव त्यांनी ठरवलेला. २०२२ पासून दर ऑक्टोबरात गावात गोधड्या उन्हात घालायचा उत्सव भरतो. घरोघरी दोरीवर, कुंपणावर गोधड्या टाकतात आणि लांबून लोक बघायला, विकत घ्यायला येतात. आपण दसऱ्याच्या आधी सगळ्या वाकळा नदीवर धुवून काठावर वाळत घालतो, त्याचाच मोठा भाऊ म्हणा.

पुढच्या बैठकीसाठी

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत चार कामं करून बघा.

पहिलं, एका गोधडीचा खरा खर्च काढा. कापड जुनं असलं तरी त्याला किंमत लावा. दोरा, सुई, धुण्याचा साबण धरा. आणि किती दिवस, रोज किती तास बसलात ते वहीत लिहा. त्या तासांना गावात चालणारी मजुरी लावा. जो आकडा येईल त्याच्या खाली विकायचं नाही. बहुतेक ठिकाणी हा आकडा आपण सांगतो त्यापेक्षा बराच मोठा निघतो.

दुसरं, गोधडीच्या मागच्या बाजूला कोपऱ्यात शिवणाऱ्या बाईचं नाव, गावाचं नाव आणि साल दोऱ्यानं काढा. गटाचं नाव लावायचं तर लावा, पण बाईचं नाव आधी.

तिसरं, व्यापाऱ्यानं कागद दिला तर लगेच सही किंवा अंगठा करू नका. गटातल्या शिकलेल्या मुलीनं तो बैठकीत सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचावा. किती नग, काय भाव, पैसे कधी, माल परत आला तर खर्च कुणाचा, आणि आपली नक्षी त्यांना दुसऱ्या मालावर वापरता येणार का, एवढं कळल्याशिवाय सही नाही. आगाऊ रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय मोठी ऑर्डर कापायला घेऊ नका.

चौथं, गावातल्या म्हाताऱ्या बायकांकडं जा. कोण कसा टाका घालते, कडेला काय लावते, कोपऱ्याला ठिगळ कसं बसवते, ते मुलींना त्यांच्या शेजारी बसवून शिकवा. हे कुठल्या प्रशिक्षण केंद्रात मिळणार नाही.

जीज बेंडच्या बायकांकडं शिक्षण नव्हतं, रस्ता नव्हता, होडीसुद्धा काढून घेतली होती. पायाखाली नावावरची जमीन होती, हातात सुई होती आणि शेजारी एकमेकी होत्या. आपल्याकडं गट आहे, पासबुक आहे, फोन आहे. तेव्हा बैठकीला येताना प्रत्येकीनं घरातली एक जुनी गोधडी घेऊन या. ती कुणी शिवली, कोणत्या कपड्याची आहे, ते सगळ्यांना सांगा. आणि मग हिशोबाला बसा.